बळकटी आणि दृढता : फोर्ड मस्टँगच्या सांगाड्याला जोडलेल्या ब्रेसचा इतिहास

प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास बहुधा इंजिनाच्या अंगाने लिहिला जातो. किती सिलिंडर, किती अश्वशक्ती, ताशी किती मैल, या आकड्यांभोवतीच तो फिरत राहतो. ज्या सांगाड्यावर हे इंजिन बसते आणि ज्याच्या चार कोपऱ्यांना चाके टांगलेली असतात, त्या सांगाड्याचा उल्लेख फार तर एखाद्या परिच्छेदात येतो. त्याला मागाहून जोडलेल्या पोलादी पट्ट्यांना तर तेवढेही स्थान मिळत नाही. अशी पट्टी म्हणजे हौशी मंडळींनी लावलेले एक आभूषण किंवा कारखान्याच्या चुकीवर मारलेले ठिगळ, असा समज रूढ आहे. हे दोन्ही समज अपुरे आहेत. अमेरिकेतील फोर्ड कंपनीची १९६४ सालची मस्टँग हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण होय. या एकाच गाडीचा पुढचा भाग घरच्या ग्राहकासाठी एका प्रकारे बांधला गेला, परदेशी पाठवायच्या गाड्यांसाठी दुसऱ्या प्रकारे, आणि शर्यतीसाठी तिसऱ्या प्रकारे. या तीन बांधण्यांमध्ये फरक आहे तो काही किलो पोलादाचा. तो फरक का पडला आणि त्यातून गाडी बनविणाऱ्यांचा रस्त्याविषयीचा व ग्राहकाविषयीचा कोणता हिशेब दिसतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तिढा आणि कर्ण

बळकटी आणि दृढता या दोन गुणांमध्ये व्यवहारात गल्लत होते. भार आला असता वस्तू मोडत नाही ही तिची बळकटी. भार आला असता वस्तू आपला आकार सोडत नाही ही तिची दृढता. वेताची काठी बळकट असते, पण दृढ नसते. मोटारीचा सांगाडा मोडून पडण्याचे प्रसंग विरळाच. परंतु चालत्या गाडीत तो सतत वाकत आणि पिळला जात असतो. घरातील जुन्या बाजेला तिढा आला की तिचा एक पाय जमिनीला टेकत नाही. गाडीचे एक पुढचे चाक उंचवट्यावर चढले की सांगाड्याला असाच तिढा पडू पाहतो.

या तिढ्याचा गाडी हाताळण्याशी संबंध कसा येतो, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांकडे सरकतो. त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, हे दोन्हीकडच्या स्प्रिंगांच्या आणि अँटी-रोल बारच्या ताठरपणावरून ठरते. गाडीचे नाक वळणाबाहेर जाणार की शेपूट, हे पुष्कळ अंशी या वाटणीवर अवलंबून असते. मात्र ही वाटणी पुढून मागे पोहोचविण्याचे काम सांगाड्याचे असते. सांगाडाच पिळला तर तो स्वतः एक स्प्रिंग बनतो आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगांशी एकसरीत जोडला जातो. सांगाड्याची पीळविरोधी दृढता सस्पेन्शनच्या दहापट असेल तर जोडणीची एकंदर दृढता अकराव्या हिश्शानेच घटते. दोन्ही सारख्या असतील तर ती थेट निम्मी होते. अशा गाडीत अँटी-रोल बार कितीही बदलला तरी चालकाला अपेक्षित फरक जाणवत नाही. शिवाय चाकाचा कल ज्या बिंदूंवर अवलंबून असतो ते बिंदूच जागचे हलत असतील, तर कारखान्यात मोजून दिलेल्या कोनांना रस्त्यावर फारसा अर्थ उरत नाही.

यावरचा उपाय सुतारांना मोटारीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. चार फळ्यांची चौकट खिळ्यांवर डुगडुगते. तिच्यावर एक तिरकी पट्टी ठोकली की ती हलत नाही, कारण चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. दुसरा उपाय बंद पेटीचा. पातळ पत्र्याची बंद नळी त्याच पत्र्याच्या उघड्या पन्हळीपेक्षा पिळाला कितीतरी पटींनी अधिक दाद देत नाही. तिचे गणित जर्मन अभियंता रुडॉल्फ ब्रेट याने १८९६ मध्ये मांडले. मोटारीच्या सांगाड्याचा पुढचा सारा इतिहास त्रिकोण आणि पेटी या दोन कल्पनांचाच विस्तार आहे, असे म्हटले तरी चालेल. इटलीतील लान्चिया लॅम्ब्डा ही १९२२ ची गाडी स्वतंत्र चासी टाकून देऊन भार वाहणाऱ्या पत्र्याच्या कायेवर उभी राहिली. अमेरिकेत १९२९ च्या कॉर्ड एल-२९ या गाडीच्या चासीत फुलीच्या आकाराची आडजोडणी आली. १९३० नंतरच्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली याने स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनवर जे काम केले, त्याच्या ओघात एक गोष्ट स्पष्ट झाली : आजवर लवचीक चासी हीच सस्पेन्शनचा एक अनधिकृत भाग बनून राहिली होती, आणि चाके स्वतंत्रपणे हलू द्यायची तर चासीला हलण्याची मुभा ठेवता येणार नव्हती.

फाल्कनचा वारसा

मस्टँगचा सांगाडा मस्टँगसाठी घडलेला नव्हता. फोर्डने १९६० च्या हंगामासाठी फाल्कन ही छोटी, स्वस्त कौटुंबिक गाडी बाजारात आणली. तिच्यामागे रॉबर्ट मॅक्नमारा यांची काटकसरीची दृष्टी होती. स्वतंत्र चासी नसलेली, पत्र्याच्या एकसंध कायेची ही गाडी सहा सिलिंडरच्या माफक इंजिनाला पुरेल इतपतच पोलाद बाळगून होती. ली आयाकोका यांच्या पुढाकाराने जेव्हा तरुण ग्राहकांसाठी देखणी गाडी करायचे ठरले, तेव्हा खर्च आवाक्यात ठेवण्याचा मार्ग एकच होता : फाल्कनचे यांत्रिक भाग आणि पायाभूत रचना शक्य तितकी वापरायची. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांसमोर आली. मूळ किंमत २,३६८ डॉलर होती, आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. या गाडीचे कोणतेही मूल्यमापन करताना हे दोन आकडे नजरेआड करून चालत नाही. गाडीमागे वाचलेला एक डॉलर म्हणजे वर्षाला चार लाख डॉलर होत.

फाल्कनकडून वारशाने आलेल्या पुढच्या सस्पेन्शनची एक खासियत होती. बहुतेक गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. येथे ती वरच्या आर्मच्या डोक्यावर उभी होती. तिचे वरचे टोक इंजिनकक्षाच्या दोन्ही बाजूंना उभारलेल्या पत्र्याच्या मनोऱ्यात, म्हणजे शॉक टॉवरमध्ये अडकविलेले असे. परिणामी गाडीच्या पुढच्या भागाचे जवळजवळ सगळे वजन आणि खड्ड्यातला प्रत्येक दणका या दोन टॉवरांच्या माथ्यातून कायेत शिरे. टॉवर तळाशी पुढच्या तुळ्यांना जोडलेले होते, पण माथ्याशी त्यांना धरून ठेवणारे फारसे काही नव्हते. भार आला की ते एकमेकांकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, झुकू पाहत. त्यासाठी फोर्डने प्रत्येक टॉवरपासून मागे, पुढच्या काचेखालच्या आडव्या पेटीपर्यंत, म्हणजे काउलपर्यंत, एकेक दाबीव पत्र्याची ब्रेस बोल्टने बसविली होती. या दोन्ही ब्रेस सुट्या होत्या. त्या टॉवरला पुढेमागे हलू देत नसत. आत झुकण्याला मात्र त्यांचा विरोध बेताचाच होता.

गाडीच्या मध्यभागीही अशीच काटकसर होती. पुढच्या तुळ्या चालकाच्या पायांपाशी जमिनीखाली संपत आणि मागच्या तुळ्या मागच्या आसनाच्या आसपास सुरू होत. मधला पल्ला सांभाळण्याचे काम जमिनीचा पत्रा, दारांखालच्या पेट्या आणि छत यांच्याकडे होते. छत असलेल्या गाडीत हे भागे. उघड्या टपाच्या मस्टँगमध्ये पेटीचे झाकणच निघाले, तेव्हा फोर्डला दारांखालच्या पेट्या आणि जमीन निराळी मजबूत करावी लागली. म्हणजे कंपनीच्या अभियंत्यांना दृढतेचे गणित कळत नव्हते, असे मुळीच नाही. ते कळत होते म्हणूनच कोठे किती पत्रा वगळता येईल, हे त्यांना ठरविता आले.

परदेशासाठी निराळी ब्रेस

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ‘एक्स्पोर्ट ब्रेस’. निर्यातीच्या मस्टँगमध्ये त्या दोन सुट्या ब्रेसच्या जागी एकच जाड, दाबीव पोलादी भाग बसविला जाई. त्याचे दोन हात दोन टॉवरांकडे जात आणि मागे एकत्र येऊन काउलला जखडले जात. त्यामुळे एका टॉवरवर आलेला भार दोघांमध्ये वाटला जाई आणि दोन्ही टॉवर काउलसह एका आकृतीत बांधले जात. या भागाला वेगळे असे नावसुद्धा नाही. ज्या गाड्यांना तो लागे त्यांच्यावरून तो ओळखला गेला.

या नावात एक अख्खी भूमिका दडलेली आहे. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले होते. रुंद, सपाट, लांबच लांब सरळ रस्ता हाच तेथील गाडीचा गृहीत रस्ता बनला होता. त्या रस्त्यासाठी दोन सुट्या ब्रेस पुरेशा ठरविण्यात आल्या. समुद्रापलीकडचे रस्ते खडबडीत आहेत असे मानून तेथे जाणाऱ्या गाडीला अधिक पोलाद दिले गेले. यंत्र तटस्थ असते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. पण प्रत्येक गाडीच्या पत्र्यात कुठला तरी रस्ता आधीच कोरलेला असतो. (याच निर्यातीच्या गाड्यांपैकी जर्मनीत गेलेल्या मस्टँगला आपले नावही घरी ठेवून जावे लागले. क्रुप कंपनीकडे तेथे त्या नावाचे हक्क असल्याने ती ‘टी-५’ म्हणून विकली गेली.)

मॉन्टे कार्लो ते लॉस अँजेलिस

दुसऱ्या पट्टीची कथा मस्टँगच्या जन्माआधी सुरू होते. फोर्डने १९६३ आणि १९६४ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत व्ही-८ इंजिनाच्या फाल्कन उतरविल्या. आल्प्सच्या बर्फाळ घाटांतली ही शर्यत म्हणजे त्या स्वस्त कौटुंबिक सांगाड्याची कठोर परीक्षाच होती. १९६४ मध्ये स्वीडनच्या बू ल्युंगफेल्ट याची फाल्कन पॅडी हॉपकर्कच्या मिनी कूपर एस पाठोपाठ दुसरी आली. इंजिनाच्या वरून जाऊन डाव्या आणि उजव्या बाजूच्या टॉवरांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याला पुढे ‘मॉन्टे कार्लो बार’ हे नाव पडले, ते या रॅलीवरूनच असे मानले जाते.

एक्स्पोर्ट ब्रेस आणि मॉन्टे कार्लो बार हे दोन भाग एकत्र आले ते १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये. कॅरोल शेल्बी यांच्या लॉस अँजेलिस येथील कारखान्यात मस्टँगचे शर्यतीच्या गाडीत रूपांतर करण्यात आले. उद्दिष्ट स्पष्ट होते : अमेरिकेच्या स्पोर्ट्स कार क्लबच्या ‘बी-प्रॉडक्शन’ वर्गात उतरायचे आणि त्यासाठी आवश्यक अशा किमान शंभर गाड्या मुदतीत बांधायच्या. केन माइल्स हा इंग्लंडहून आलेला चालक-अभियंता गाडीची पारख करीत होता. फोर्डमधील क्लाउस आर्निंग याच्या आकडेमोडीनुसार वरच्या आर्मचा बिजागरी-बिंदू सुमारे एक इंच खाली नेण्यात आला. त्यासाठी टॉवरमध्ये नवी भोके पाडावी लागली. परिणामी वळणावर बाहेरचे चाक अधिक चांगल्या कोनात रस्त्याला टेकू लागले.

येथे ब्रेसचे खरे प्रयोजन ध्यानात येते. आर्मचा बिंदू एका इंचाने सरकवून मिळालेला लाभ टॉवर आत झुकल्याने सहज गमावला असता. भूमिती सुधारायची तर आधी ती स्थिर हवी. आडवा बार आणि काउलकडे जाणारे ब्रेसचे दोन हात मिळून आता टॉवरांच्या माथ्यावर पूर्ण त्रिकोण तयार झाला होता. दोहोंमध्ये अधिक मोलाचे काम एक्स्पोर्ट ब्रेसचे होते, हे नमूद करायला हवे. कारण नुसता आडवा बार दोन टॉवरांना जवळ येण्यापासून रोखतो, परंतु समांतरभुज चौकोनासारखे एकाच दिशेने तिरके होण्यापासून किंवा संपूर्ण काया पिळली जाण्यापासून रोखू शकत नाही. आजही दुकानांत मिळणाऱ्या चकचकीत आडव्या बारविषयी जे दावे केले जातात, ते या भेदापाशी अडखळतात. बार इंजिनाला वळसा घालण्यासाठी मध्ये वाकविलेला असेल, किंवा त्याच्या टोकांना हलते सांधे असतील, तर त्याचा उपयोग आणखी घटतो.

१९६५ च्या हंगामात जेरी टायटस याने जीटी ३५० चालवून बी-प्रॉडक्शनचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्या वर्षी एकूण ५६२ जीटी ३५० बांधल्या गेल्या. १९६६ च्या हंगामात शिल्लक गाड्या संपल्यावर आर्म खाली नेण्याचे काम खर्चासाठी वगळण्यात आले. ब्रेस मात्र टिकल्या. भोके पाडून आर्म खाली बसविण्यात माणसाचे श्रम जात होते, ब्रेस बोल्टने काही मिनिटांत बसत होती. पुढे १९६७ ची मस्टँग रुंद झाली, तेव्हा वरच्या आर्मची सुधारलेली जागा फोर्डने सामान्य उत्पादनातच स्वीकारली. छोट्या कारखान्यात श्रमामुळे महाग ठरलेली गोष्ट मोठ्या कारखान्यात साच्याचे भोक हलविण्याइतकी स्वस्त होती, हा या घटनाक्रमातील विरोधाभास औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकांना नवा नसावा.

टायर पुढे, सांगाडा मागे

सांगाड्याला किती दृढता पुरेशी, या प्रश्नाला कायमचे उत्तर नाही; कारण प्रश्न विचारणारा टायर बदलत जातो. अरुंद टायर ठरावीक भारापलीकडे घसरतो आणि त्या घसरण्याने सांगाड्याचा एक प्रकारे बचाव होतो. रुंद, चिकट टायर घसरत नाही. तो सारा जोर टॉवरकडे पाठवतो. १९६९ ची बॉस ३०२ मस्टँग ही ट्रान्स-अ‍ॅम शर्यतमालिकेच्या पात्रतेसाठी बांधलेली गाडी. तिच्यासाठी रुंद टायर निवडले गेले, तेव्हा चाचण्यांत शॉक टॉवरांना तडे जाऊ लागले. म्हणून बॉस ३०२ च्या टॉवरांना कारखान्यातच जादा पत्र्याचे बळ देण्यात आले. पकड वाढविल्याने गाडी सुधारण्याऐवजी प्रथम तुटू लागली, हे त्या अभियंत्यांना विस्मयकारक वाटले की अपेक्षित, हा भाग अलाहिदा. पण इथे दृढतेचा प्रश्न बळकटीच्या प्रश्नात कसा बदलतो, ते स्वच्छ दिसते. वारंवार वाकणारा पत्रा अखेर थकतो. १९७० मध्ये बॉस ३०२ च्या जोरावर फोर्डने ट्रान्स-अ‍ॅमचे उत्पादक-विजेतेपद जिंकले.

हा थकवा सामान्य मस्टँगमध्येही साचत राहिला, फक्त सावकाश. साठ वर्षांपूर्वीच्या या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना एक अनुभव वारंवार येतो : नव्याने आणलेला मॉन्टे कार्लो बार दोन्ही टॉवरांच्या भोकांत बसत नाही, कारण दशकानुदशके झुकत आलेले टॉवर मूळ जागेपासून आत सरकलेले असतात. मग ते जॅक लावून एकमेकांपासून दूर सारावे लागतात. पट्टी येथे मोजपट्टीचे काम करते. अशा वेळी टॉवर तसेच ठेवून लांबी कमी-जास्त करता येणारा बार बसविण्याची पळवाट घेतली जाते; तिच्यामुळे झुकलेपणच कायम होते. काउल किंवा तुळ्या गंजलेल्या असतील तर कोणतीही ब्रेस गंजलेल्या पत्र्यालाच बांधली जाते, हेही ओघाने आलेच. मध्यभागी पुढच्या-मागच्या तुळ्या जोडणाऱ्या लांब पेट्या वेल्ड करताना गाडी चाकांवर उभी असावी, असा जाणकारांचा आग्रह असतो. अधांतरी टांगलेल्या गाडीत काया जशी लोंबते तशीच ती वेल्डने कायम होते आणि मग दारे नीट लागत नाहीत.

इतर कारखान्यांतील पडताळा

मस्टँगचा अनुभव एकाकी नव्हता. होंडाच्या एनएसएक्स या अ‍ॅल्युमिनियमच्या गाडीचा नमुना १९८९ मध्ये आयर्टन सेना याने सुझुका येथे चालविला आणि ती त्याला काहीशी नाजूक वाटली. त्यानंतर होंडाने तिची दृढता निम्म्याने वाढविली. लाखो येनची मोजमाप यंत्रे असलेल्या कंपनीला शेवटचा कौल चालकाच्या अंगाने द्यावा, हे लक्षणीय आहे. माइल्सची भूमिका पंचवीस वर्षांपूर्वी अशीच होती. माझ्दाची एमएक्स-५ ही उघडी गाडी १९८९ मध्ये आली तेव्हा गियरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब चौकट तिच्यात होती. १९९३ मध्ये १.८ लिटरचे इंजिन आले आणि त्याबरोबर आसनांमागे दोन्ही पट्ट्यांच्या खांबांना जोडणारा आडवा दांडा व खालच्या बाजूला आणखी ब्रेस आल्या. म्हणजे छताविना गाडी देण्याची किंमत सर्वांनाच हप्त्याहप्त्याने चुकवावी लागली. फरक इतकाच की जपानी कंपन्यांनी हे हप्ते स्वतः भरले, तर अमेरिकेत ते बऱ्याच अंशी ग्राहक आणि छोट्या गॅरेजांवर सोपविले गेले.

फोर्डनेही पुढे हा मार्ग काही काळ चालविला. १९७९ मध्ये मस्टँग निराळ्या पायावर आली. स्प्रिंग आता खालच्या आर्मवर होती, टॉवरच्या माथ्याशी फक्त स्ट्रट उरला होता, आणि जुन्या शॉक टॉवरवरचा बोजा हलका झाला होता. तरीही या गाडीची काया सैल असल्याची तक्रार व्ही-८ इंजिनांची शक्ती वाढू लागली तशी वाढत गेली. तुळ्या जोडणाऱ्या पेट्यांचा आणि आडव्या बारांचा स्वतंत्र धंदाच तिच्या आधाराने उभा राहिला. १९९४ मध्ये फोर्डने ही काया पुष्कळशी नव्याने ताठ केली. त्या वर्षीच्या व्ही-८ मस्टँगचे बॉनेट उघडले की इंजिनावरून जाणारी, दोन्ही स्ट्रट टॉवरांना काउलशी जखडणारी ब्रेस दिसे. ती आता कारखान्यातच बसविलेली होती आणि कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाडीतही होती. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, नवे आणि अधिक रुंद इंजिन आले, तेव्हा ती ब्रेस पुन्हा काढून टाकण्यात आली.